आंदोंनी नूडल्स शोधल्या की फक्त विकल्या?

कढईपंत
तैवानमध्ये जन्मलेले, जपानच्या निस्सिन कंपनीचे संस्थापक मोमोफुकु आंदो (१९१०–२००७) यांना 'इन्स्टंट नूडल्सचे जनक' म्हणायची पद्धत आहे. मला पटत नाही. तळून ठेवायच्या यी-मिएन नूडल्स चीनमध्ये कितीतरी आधीपासून आहेत. आंदोंचं पहिलं इन्स्टंट नूडल्सचं पाकीट 'चिकन रामेन' २५ ऑगस्ट १९५८ला आलं, पण पेटंटचा अर्ज दुसऱ्या एका तैवानी माणसाने आंदोंच्या आधी केला होता. १९६१मध्ये आंदोंनी त्याचे हक्क २ कोटी ३० लाख येन मोजून घेतले. स्वतःचाच शोध कोणी विकत घेतं का?

उकळपाणी
हक्क घेतले की वाद मिटतो, एवढंच. आणि नुसतं तळणं म्हणजे इन्स्टंट नव्हे. आधी वाफवायचं, म्हणजे पिठातला स्टार्च शिजतो. मग सूप लावून १४०–१६० अंशांच्या तेलात एक-दोन मिनिटं. पाणी झटक्यात वाफ होऊन निघतं आणि बारीक छिद्रं राहतात. उकळतं पाणी तिथूनच परत आत शिरतं. तेल कोमट असलं तर छिद्रं पडत नाहीत, नूडल्स तेल पितात. फार तापलं तर बाहेरून करपून आत ओल राहते आणि पाकीट टिकत नाही. वाफवलंच नाही तर तीन मिनिटांनी दाताखाली कच्चं पीठ. सूप कणकेत मळलं तर नूडल्स तुटत, म्हणून आंदोंनी ते बागेच्या झारीने वरून शिंपडलं.

कढईपंत
झारी मान्य. पण ही सुधारणा झाली. शिवाय ताजे उदोन (जपानी जाड गव्हाच्या नूडल्स) ६ येनला मिळत असताना चिकन रामेनची किंमत ३५ येन! 'गरिबांचं अन्न' हे कौतुक नंतरचं.

निवांत
तुम्ही दोघं १९५८मध्येच अडकलात. खरी अक्कल १९७१च्या कप नूडलमध्ये आहे, म्हणजे कपातच गरम पाणी ओतून खायच्या नूडल्समध्ये. सहा सेंटिमीटर जाड गठ्ठा तळला की कडा तळून होतात, मधलं कच्चं राहतं. उपाय असा: नूडल्स साच्यात सुट्या टाकून वर झाकण. खालच्या आधी तळून हलक्या होतात, वरच्यांना ढकलतात. वर दाट, खाली विरळ. हा गठ्ठा कपात मध्येच अडकतो, तळाला टेकत नाही. खालच्या पोकळीतलं गरम पाणी वर चढतं, प्रवासात नूडल्स मोडत नाहीत आणि भाज्या वरच राहतात.

कढईपंत
हे कंपनीच्या माणसांचं काम, एकट्या आंदोंचं नव्हे.

उकळपाणी
साचा असेल. पण गठ्ठा वरून कपात टाकला की तिरका बसायचा. नूडल्स खाली ठेवून कपच उलटा वरून घालायचा, हे आंदोंनाच सुचलं.

कढईपंत
तेही त्यांच्याच सांगण्यावरून ना?