मदत हवी आहे : घरातला पोपट वनविभागाकडे सोपवायचा आहे

आम्ही कोथरूडला राहतो. काकू वारल्यानंतर त्यांचा पोपट आमच्याकडे आला आहे. हिरवा, लाल चोचीचा, मानेला काळा-गुलाबी कंठ असलेला, म्हणजे आपला देशीच. लव्हबर्ड वगैरे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो पाळता येत नाही, हे माहीत आहे. म्हणूनच रीतसर सोपवायचा आहे.

ओळखीच्या पक्षीविक्रेत्याने "तळजाई टेकडीवर नेऊन सोडा" असं सांगितलं. मला ते पटत नाही. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं तरी तो पडद्याच्या दांडीपर्यंतच जेमतेम उडतो, मग धापा टाकत बसतो. पेरूची फोडसुद्धा हातातूनच घेतो. बाहेर घारी-मांजरांपुढे त्याचा निभाव कसा लागणार? पशुवैद्यांनी तपासलंय : आजार नाही, पण पंखाची पिसं पूर्वी कापलेली आहेत. खरेदीची पावती वगैरे काही नाही. कुणाला पाळायला द्यायचा नाही, कृपया मागू नका.

बावधनच्या वन्यप्राणी उपचार केंद्रात असा पाळीव पोपट कुणी दिला आहे का? थेट नेला तर घेतात, की आधी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावं लागतं? आणि स्वतःहून सोपवणाऱ्यावर गुन्हा नोंदवतात का?