फिजीची पोरं रग्बीत एवढी भारी कशी? (गावच्या कबड्डी मंडळासाठी विचारतो)

मैदान_दारव्हा

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी शेती करतो अन् संध्याकाळी कबड्डीचं मंडळ चालवतो, पोट्टे-पोट्टी दोघांचंही. सध्या आमची पोट्टे मोबाईलवर फिजीच्या सेव्हन्स रग्बीचे सामने पाहून राहिले. तिकडंही सातच गडी, हे त्यांना फार पटलं. फरक एवढाच की आपलं मैदान १३ बाय १० मीटर, अन् त्यांचे सात गडी पंधरा जणांच्या रग्बीचं सगळं मैदान सांभाळतात, १०० मीटर लांब अन् ७० मीटरच्या आसपास रुंद. सात-सात मिनिटांचे दोन डाव, पण जीव काढतात.

फिजीची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपला यवतमाळ जिल्हाच २७ लाखांच्या वर होता. अन् हा एवढासा देश २०१६ ला रिओत ग्रेट ब्रिटनला ४३-७ नं हरवते, २०२१ ला टोकियोत न्यूझीलंडला २७-१२ नं. दोन्ही वेळा सोनं. २०२४ ला पॅरिसात फ्रान्सकडून हरले, तरी रौप्य घेऊन गेले.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एक, ही पोरं तयार कुठं होतात? दुसरं, तिथं आपल्या वंशाची माणसं एवढी आहेत, मग रग्बीच्या संघात ती काऊन दिसत नाहीत? कोणी तिकडं जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा.

जहाजी_परतवाडा

भाऊ, मी व्यापारी जहाजावर इंजिन खात्यात होतो. साखरेच्या मालासाठी आमचं जहाज फिजीतल्या लौटोका बंदरात लागायचं. सुट्टी मिळाली की मी आसपासची गावं फिरून यायचो.

तिथलं गाव पाहिलं की अर्धं उत्तर मिळते. मधात हिरवं मोकळं मैदान अन् त्याच्या चहूबाजूनं घरं. त्या जागेवर कोणी गोठा बांधत नाही, कोणी कुंपण सरकवत नाही. कामधंदा आटोपला की सगळे तिथंच. पायात काही नाही. चेंडू नसला तर प्लास्टिकची बाटली घेतात. लहान पोरापासून पिकल्या केसांच्या माणसापर्यंत एकाच डावात. रोजच्या खेळात पाडापाडी नसते, नुसता हात लावायचा, म्हणून सगळ्या वयाचे एकत्र खेळू शकतात. अन् हात लागायच्या आत चेंडू दुसऱ्याला गेला पाहिजे, तोही मागं, कारण रग्बीत हातानं पुढं फेकता येत नाही. एक पोरगं माझ्या डोळ्यासमोर आहे. दोघं त्याच्यावर आले. त्यानं खांदा एकाकडं वळवला, दुसऱ्याचा हात पोहोचतो न पोहोचतो तोच कमरेमागून एका हातानं बाटली सरकवली. मागचा पळत येणारच हे त्याला ठाऊक होतं, पाहिलंही नाही. ऑलिम्पिकमध्ये तुम्हाला जे दिसते ना, ते हेच.

मग गावागावांच्या स्पर्धा. गाव आपला संघ घेऊन उतरते, अन् निवडणाऱ्यांची नजर त्या स्पर्धांवर राहते. वायसाले सेरेवी हा सेव्हन्समधला फार मोठा खेळाडू. तो गाऊ नावाच्या लहानशा बेटावरचा, अन् १९९७ अन् २००५ चे विश्वचषक त्यानं जिंकून दिले. राष्ट्रीय संघ सिगाटोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर पळतो. चढ असा की पाय वर टाकला की खाली घसरते. फुकटचं साधन आहे, पण तेवढं जोरदार दुसरं नाही.

२०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन चक्रीवादळानं त्या देशाची दैना केली, ४४ माणसं गेली. त्याच वर्षी ऑगस्टात रिओचं सोनं आलं. फिजीचं हे कोणत्याही खेळातलं पहिलं ऑलिम्पिक पदक. सरकारनं पुढच्या वर्षी सात डॉलरची नोट काढली, तिच्यावर कर्णधार ओसेआ कोलिनिसाऊ.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं. १८७९ ते १९१६ या काळात इंग्रजांनी करारावर ६० हजारांच्या वर माणसं उसाच्या मळ्यांत नेली, त्यांची ही लेकरं. त्यांनी फुटबॉल धरला. १९३८ ला संघटना निघाली ती फिजी इंडियन फुटबॉल असोसिएशन याच नावानं, अन् जिल्ह्याजिल्ह्यांची स्पर्धा तेव्हापासूनची. बा नावाचं गाव तर फुटबॉलसाठी वेडं आहे. आपल्याकडं आयएसएल या फुटबॉल स्पर्धेत गोल मारलेला रॉय कृष्णा तिथल्याच लबासा गावचा. विजय सिंग लौटोकाचा, २००४ ला गोल्फमध्ये जगात पहिल्या क्रमांकावर होता.

शिक्षिका_पांढरकवडा

दादा, तुमच्या मंडळात मुलीही आहेत म्हणून लिहिते. फिजीच्या मुलींनी टोकियोत ब्रिटनला २१-१२ नं हरवून कांस्य घेतलं. पुढं २०२२ ला ऑस्ट्रेलियातली सुपर डब्ल्यू स्पर्धा पहिल्याच वर्षी जिंकली अन् २०२३ ला पुन्हा. त्यांनाही घरून ऐकावं लागलं की रग्बी पोरींचा खेळ नाही, नेटबॉल खेळा. हे आपल्याकडच्या कोणत्याही आईला समजेल.

रग्बी शिकवणार असाल तर एक सांभाळा. कबड्डीतल्या मुलींना घोटा धरायची सवय असते, चार जणी मिळून ओढायची सवय असते. रग्बीत फक्त चेंडू हातात असणारीलाच पाडता येतं, दोन्ही हातांनी कवेत घेऊन, अन् खांद्याच्या वर हात जाता कामा नये. डोकं कोणत्या बाजूला ठेवायचं हे गुडघ्यावर बसवून शिकवा, धावत नको. पहिले काही महिने नुसता हात लावायचाच खेळ ठेवा.

घाटंजीचा_कास्तकार

चित्र एवढंही गोड नाही, हेही पोट्ट्यांना सांगा. तिथले चांगले गडी फ्रान्स, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियात खेळायला जातात, कारण घर त्यांच्या पगारावर चालते. २०२२ पासून ड्रुआ नावाचा संघ फिजीतच राहून मोठ्या स्पर्धेत खेळते, त्यामुळं काहींना देशात राहून पोट भरता येऊन राहिलं. आपल्या कबड्डीतही लिलावात नाव आलं त्याचं भलं, बाकीचे कापूस वेचायलाच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ ला बर्लिनमध्ये कबड्डी दाखवली, अन् एवढ्या वर्षांनी गावात मॅट सोडा, धड जागा नाही.

मैदान_दारव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. जहाजी भाऊ, तुमचं मैदानाचं वाचून मी थांबलोच. आमच्याकडं शाळेमागची जागा आहे, पण काळी माती. पावसाळ्यात पाय रुतते, उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की घोटा मुरगळते. गावाच्या पूर्वेला ई-क्लासची, म्हणजे सरकारी, जमीन आहे. तिचा एक कोपरा दरवर्षी कोणी ना कोणी नांगरून आपल्या वावरात घेते. उरलेली जागा खेळासाठी राखून ठेवा म्हणून ग्रामसभेत अर्ज देतो. पोट्ट्यांच्या आई-बापाच्या सह्या घेतो, पोट्टीच्या आयांच्या आधी.

ताई, हात लावायच्या खेळानंच सुरुवात करू. आडाण नदीच्या वाळूत पळवायचंही ठरलं, पाणी उतरलं की.

ई-क्लासचा ठराव कोणत्या गावानं आधी केला असेल तर त्याची प्रत इथं टाकावी. तलाठ्याकडून नेमके कोणते कागद लागतात तेही लिहा.