अमेरिकेत एमडीसाठी अर्ज, जीपीए फक्त ३.०

प्रश्न: न्यू जर्सीत बीएस झालेल्या मुलीचा जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) १२० क्रेडिटवर ३.० आहे. पहिल्या दोन वर्षांत केमिस्ट्रीत सी ग्रेड. एमडीसाठी (अमेरिकेतली डॉक्टरकीची मूळ पदवी) आता पोस्ट-बॅक (पदवीनंतर पुन्हा पदवी पातळीचे विषय करणं) करावं की थेट मास्टर्स?

उत्तर १: आधी हिशेब मांडा. आणखी ३० क्रेडिट, सगळीकडे ए (म्हणजे ४) मिळाला तरी (१२० × ३ + ३० × ४) ÷ १५० = ३.२. एवढंच? हो, तरीही आधी पोस्ट-बॅकच. त्याचे क्रेडिट एएमसीएएस (एमडीच्या अर्जांची केंद्रीय सेवा) अंडरग्रॅज्युएट, म्हणजे पदवीच्या जीपीएत धरतं. मास्टर्सचे ग्रेड वेगळ्या रकान्यात जातात, जुना आकडा हलत नाही. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित यांचा बीसीपीएम जीपीएही वेगळा निघतो. सी तिथेच नडणार, म्हणून नवे विषय त्यातलेच घ्या.

उत्तर २: सीचा विषय पुन्हा केला तरी जुना ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही मोजले जातात. डीओच्या (एमडीसारखीच डॉक्टरकीची दुसरी पदवी) अर्जातली ग्रेड बदलण्याची सवलतही २०१७ मध्ये बंद झाली. मेडिकल कॉलेजला सी चालत असेल तर तो विषय सोडा. बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजीसारखे वरच्या पातळीचे विषय करून ए आणा.

उत्तर ३: आणि घाई नको! पोस्ट-बॅकचे ग्रेड हाती येण्याआधी अर्ज पाठवला तर त्या वर्षीच्या जीपीएत ते येतच नाहीत. त्यापेक्षा एक वर्ष थांबा. एमकॅटही (मेडिकलची प्रवेश परीक्षा) तयारीनेच द्यावी: वर्षात ३, सलग दोन वर्षांत ४, एकूण ७ वेळाच देता येते.