आयोडीन दुप्पट केलं, तरी वेग तेवढाच कसा?

प्रयोगवही: आम्लात अ‍ॅसिटोन आणि आयोडीनची अभिक्रिया केली. अ‍ॅसिटोन दुप्पट केलं तर आयोडीनचा रंग निम्म्या वेळात गेला. आयोडीन दुप्पट केल्यावर मात्र रंग जायला दुप्पट वेळ लागला, म्हणजे वेग होता तेवढाच! संहती (द्रावणातलं प्रमाण) वाढली की रेणूंच्या टकरी वाढतात ना? मग आयोडीनच्या टकरींचं काय झालं? मला हे खरंच कळत नाहीये.

निळा_लिटमस: प्रत्येक वेळी पाणी घालून एकूण आकारमान सारखं ठेवलं होतं का? नाहीतर सगळ्यांचीच संहती बदलते.

प्रयोगवही: हो, ठेवलं होतं.

जुना_मास्तर: मग निरीक्षण अगदी बरोबर आहे, खोडू नकोस. टकरी वाढल्याच, पण वेग ठरवणाऱ्या पायरीत आयोडीन नाहीच. अ‍ॅसिटोन आम्लाच्या मदतीने आधी ईनॉल, म्हणजे स्वतःचंच वेगळ्या रचनेचं रूप, बनतं; हे संथपणे होतं. ईनॉल तयार झालं रे झालं की आयोडीन ते लगेच गाठतं. दारातून माणसं एकेक करून येत असतील, तर आत बसायला खुर्च्या वाढवून काय उपयोग? म्हणून आयोडीनची कोटी (वेग त्याच्या संहतीच्या कितव्या घातावर अवलंबून आहे तो आकडा) शून्य, अ‍ॅसिटोनची एक, हायड्रोजन आयनांचीही एक. रसायनशास्त्रज्ञ आर्थर लॅपवर्थ यांनी 1904 मध्ये ब्रोमीन वापरून हेच दाखवलं. समीकरणातल्या सहगुणकांवरून कोटी ठरवू नये, ती प्रयोगानेच काढावी लागते.

आता आम्ल दुप्पट करून बघ. अभिक्रियेत आम्लही तयार होतं, त्यामुळे ते आयोडीनपेक्षा भरपूर जास्त घे.

प्रयोगवही: उद्याच करते!