मदत हवी आहे: लेक मुनारी मोबाइलकडे बघतच नाही, पंख्याकडे मात्र टक लावून बघते

गव्हाळ

नमस्कार मंडळी,

पहिलं बाळंतपण, म्हणून सध्या माहेरी सांगलीला आहे. लेक ३४ आठवड्यांची असताना झाली, वजन १ किलो ८०० ग्रॅम. सुरुवातीला काचेच्या पेटीत होती. आता घरी आहे, दूध व्यवस्थित पिते, वजन धरलंय. या आठवड्यात तिला नऊ आठवडे पूर्ण होतील.

पोटात असल्यापासून मी माँटेसरीबद्दल वाचत होते. नवरा शनिवार-रविवार पुण्याहून येतो, त्याला बसवून आम्ही मुनारी मोबाइल घरीच केला (फोन नव्हे, टांगायचा!). काळ्या-पांढऱ्या कार्डशीटचे आकार, लाकडी काड्या आणि मध्ये काचेचा गोळा. दिसायला इतका सुरेख झालाय की येणारी जाणारी माणसं थांबून बघतात. जिच्यासाठी केला ती सोडून सगळे बघतात.

अडचणी अशा:

ती मोबाइलकडे बघत नाही. पाळण्याच्या कडीला टांगलाय, तिच्यापासून साधारण दोन फूट वर. मान एका बाजूला वळवून खिडकीच्या गजांकडे बघते, नाहीतर पंख्याच्या पात्यांकडे.

सगळीकडे तक्ता दिलेला असतो: जन्मापासून मुनारी, सहाव्या आठवड्याच्या आसपास अष्टफलक (चकचकीत कागदाचे आठ बाजूंचे आकार), आठव्याच्या आसपास गोब्बी (एकाच रंगाच्या छटांचे दोऱ्याचे गोळे), मग नर्तक (कागदी नाचऱ्या आकृत्या). त्या हिशेबाने आम्ही गोब्बीवर असायला हवं. इथे मुनारीच सुरू झालेला नाही. मागे पडतेय का ती?

पंखा. ऑक्टोबरचं ऊन आहे. पंखा बंद केला की पोर घामाघूम, लावला की मोबाइल गरगर फिरून दोऱ्यांचा गुंता. रोज सोडवत बसते.

आणि आई. तिने माझं लहानपणचं चिमणाळं माळ्यावरून काढलंय. कापडी राघू, आरसे, गोंडे. "काळं-पांढरं कसलं टांगता बाळाच्या डोक्यावर? बरं दिसतं का ते?" म्हणते. गालावर तीट मात्र काळीच लावते, ते चालतं.

अजून एक. कधीकधी तिचे डोळे आत वळल्यासारखे दिसतात. हे नॉर्मल आहे का?

जाणकारांनी सांगा. अष्टफलक करायला घेऊ, की मुनारीवरच थांबू?

तिरफळ

अभिनंदन! पंख्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका, आमचे चिरंजीव चार महिने पंख्याच्या प्रेमात होते. मला बघून हसायच्या आधी त्याला बघून हसले. पांढऱ्या छतावर गडद पाती, म्हणजे तोही एक मुनारीच. जाणकार येतीलच.

रातपाळी

मी नवजात कक्षात परिचारिका आहे. तुमच्या बाळाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. पण पहिली गोष्ट: तो तक्ता तुमच्या लेकीसाठी लिहिलेलाच नाही. तो पूर्ण दिवसांच्या बाळांचा आहे. ती सहा आठवडे आधी आली. नऊतून सहा गेले, राहिले तीन. बघणं, मान धरणं, हसणं या सगळ्यासाठी तिचं वय तीन आठवडे धरा. याला सुधारित वय म्हणतात आणि साधारण दोन वर्षांपर्यंत ते धरायचं असतं. लसीकरण मात्र जन्मतारखेप्रमाणेच. बऱ्याच घरी नेमकं हेच उलटं होतं: लस लांबवतात आणि हसण्याची घाई करतात.

म्हणजे मुनारीची वेळ तिच्यासाठी आत्ता कुठे येतेय.

दुसरं, अंतर. या वयात बाळाला वीत-सव्वा वीत, म्हणजे २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं. अंगावर पाजताना तुमचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. दोन फुटांवर काडीला लटकलेले पातळ आकार तिच्यासाठी धूसर आहेत. खिडकीचे गज आणि पंखा लांब असले तरी मोठे आणि ठसठशीत, म्हणून तिकडे नजर जाते.

डोळे आत वळणं: अधूनमधून, दमल्यावर होत असेल तर पहिले तीन-चार महिने चालतं. दोन्ही डोळ्यांचा ताळमेळ बसायला वेळ लागतो. एकच डोळा कायम वळलेला राहत असेल, बुबुळं सतत थरथरत असतील, फोटोत डोळ्याच्या बाहुलीवर पांढरी चमक दिसत असेल, किंवा सुधारित वय तीन महिने झालं तरी ती चेहऱ्यावर नजर ठरवत नसेल, तर वाट बघू नका, दाखवा. पांढरी चमक दिसली तर त्याच दिवशी.

आणि मोबाइलपेक्षा महत्त्वाचा प्रश्न. डोळ्याच्या पडद्याची तपासणी झाली का? आरओपी म्हणतात ती. आपल्याकडे २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांची ती महिन्याच्या आत व्हायला हवी. झाली असेल तर पुन्हा कधी बोलावलंय ती तारीख बघा. पहिली तपासणी चांगली आली की घरचे दुसरीला येत नाहीत, आणि आम्ही फोन करत बसतो.

गव्हाळ

रातपाळीताई, हात जोडले. "नऊतून सहा गेले" एवढं साधं गणित कोणी सांगितलंच नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं असेलही, पण तेव्हा ते वाचायच्या मनःस्थितीत कोण होतं?

आरओपी झाली, डॉक्टर ठीक म्हणाले. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. खरं सांगायचं तर "आता कशाला" असं घरात चाललं होतं. जाणार आहोत, नक्की.

कागदकातरी

मी दोन्ही पोरांसाठी सगळे मोबाइल घरी केले, त्यामुळे टांगण्याबद्दल सांगू शकते.

आधी तो पाळण्यावरून काढा. झोपायच्या जागेवर मोबाइल नको. माँटेसरीतही तो जागेपणी खेळायच्या सतरंजीवर असतो. आणि पाळणा हलतो. हलत्या पाळण्यातून हलत्या वस्तूवर नजर धरणं आपल्यालाही जमणार नाही.

खाली सतरंजी, त्यावर गोधडीची घडी, पंख्याच्या थेट खाली नाही अशा कोपऱ्यात. छताला हुक नसेल तर पडद्याच्या दांडीला किंवा भिंतीतल्या भक्कम खुंटीला आडवी काठी बांधून चालते. कपडे वाळत घालायच्या घडीच्या स्टँडवरून टांगू नका, कलंडतो. मोबाइल तोंडाच्या बरोबर वर नको, छातीच्या वर येऊ द्या. म्हणजे डोळे वर फिरवावे लागत नाहीत. ती एकाच कुशीला मान टाकते म्हणालात, तर थोडा दुसऱ्या बाजूला सरकवा. मान वळवायला निमित्त मिळतं.

पंख्याचं: हे मोबाइल गार देशातल्या घरांसाठी आहेत. माणूस जवळून गेला की हललेल्या हवेवर ते वळावेत, अशी कल्पना. आपला छताचा पंखा म्हणजे त्यांच्यासाठी वादळच. मी टेबलफॅन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून लावायचे. भिंतीवर आपटून परत येणारी हवा पुरते. बाळाला घाम नाही आणि मोबाइलही संथ वळतो. पंखा एकवर ठेवूनही बघा, पण पाचवर असेल तर मोबाइल काढूनच ठेवा. गरगरणाऱ्या वस्तूत बघण्यासारखं काही उरत नाही.

गुंता होतो कारण दोरा बारीक शिवणाचा असणार. मासे पकडायच्या गळाची नायलॉनची तंगूस आणा, ती पीळ धरत नाही. तोल साधून झाला की काडीवरच्या प्रत्येक गाठीला फेव्हिकॉलचा किंवा नखपॉलिशचा थेंब, नाहीतर गाठी सरकतात आणि एक बाजू झुकते.

काचेचा गोळा मात्र बदलाच. नाताळाच्या सजावटीत पारदर्शक प्लास्टिकचे पोकळ गोळे मिळतात, तो घ्या. वजन कमी, पडला तरी भीती नाही. व्यास मात्र तोच ठेवा, कारण मुनारीतल्या सगळ्या आकारांची आणि काड्यांची मापं त्या गोळ्याच्या व्यासावरून काढलेली असतात. वजन बदलल्यामुळे तोल मात्र एकदा पुन्हा साधावा लागेल.

अष्टफलकाची घाई नको. पण दिवाळी तोंडावर आहे, आकाशकंदिलांच्या दुकानात लाल, निळा, पिवळा चकचकीत बेगडी कागद या दिवसांतच चांगला मिळतो. आत्ता आणून ठेवा. आठ समभुज त्रिकोणांची पट्टी कापली, घडी घातली, चिकटवली की झालं. तीन करायचे, प्रत्येक एका रंगाचा. जिलेटिन घेऊ नका, तो पारदर्शक असतो. इथे उजेड परावर्तित व्हायला हवा.

शेंगदाणा

एक शंका. रागावू नका. हे काहीही न करता आपण सगळे मोठे झालो, बघायलाही शिकलो. काळे-पांढरे त्रिकोण टांगले नाहीत म्हणून कोणाची नजर अधू राहिली? नव्या आईबापांना तक्ते दाखवून घाबरवायचा हा धंदा वाटतो. तीनचार हजारांचे सेट विकतात लोक.

कागदकातरी

धंद्याबद्दल शंभर टक्के सहमत. मोबाइलने बाळ हुशार होतं असं कोणी सांगितलं तर पाकीट खिशातच ठेवावं. पण मला तो आवडायचा कारण दहा मिनिटं पोरगी स्वतःच्या नादात असायची, कोणी नाचवत नाही, खुळखुळा वाजवत नाही. आणि त्या दहा मिनिटांत माझा चहा गरम असताना प्यायला जायचा. एवढा विकास मला पुरे होता. (गमतीने घ्या.)

जुना_फळा

बालवाडीत उभा जन्म गेला म्हणून थोडं अवांतर.

हे मोबाइल स्वतः मारिया माँटेसरींनी तयार केलेले नाहीत. त्यांनी १९०७ साली रोमच्या सॅन लोरेन्झो वस्तीत बालगृह सुरू केलं ते शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी. अगदी तान्ह्या बाळांचं काम त्यांच्या सहकारी आदेले कोस्ता न्योक्की यांनी रोममध्ये पुढे नेलं, १९४७ मध्ये त्यासाठी प्रशिक्षणाची शाळा काढली. गोब्बी मोबाइलचं नाव त्याच वर्तुळातल्या जाना गोब्बींवरून आलंय. ब्रुनो मुनारी तर मिलानचे चित्रकार आणि डिझायनर. १९३०च्या दशकात ते हवेवर डोलणाऱ्या हलक्या रचना करत आणि त्यांना 'निरुपयोगी यंत्रं' म्हणत. आज त्यांच्याच नावाची वस्तू विकासाचं उपयुक्त साधन म्हणून विकली जाते, याचं त्यांना हसूच आलं असतं.

गव्हाळ, तुझ्या आईचं चिमणाळं टाकून देऊ नकोस बाळा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला माँटेसरीचं तत्त्व घेतलं, पण महागडी साधनं जशीच्या तशी उचलली नाहीत. शंख-शिंपले, बिया, खडे, जे गावात मिळतं त्यातून साधनं केली. चिमणाळ्यात एकच अडचण आहे: एका वेळी फार गोष्टी. दहा राघू, आरसे, गोंडे, वर घुंगरू. तुझ्या लेकीला आत्ता ते झेपणार नाही. त्यातला एकच राघू सोडवून टांग, ठसठशीत रंगाचा. तुझ्या आईचा मान राहील आणि बाळाला एक वस्तू नीट बघता येईल.

रातपाळी

जुना_फळा काकांना अनुमोदन, आणि "झेपणं" यावर थोडं. वेळेआधी आलेली बाळं लवकर दमतात आणि रडायच्या आधी ते सांगतात. मान फिरवणं, जांभया, लागोपाठ उचक्या किंवा शिंका, बोटं पंख्यासारखी पसरणं, पाठ ताणणं. यातलं काही दिसलं की मोबाइल संपला. दोन मिनिटं झाली असतील तरी. "अजून बघ ना" म्हणून तोंड परत वळवू नका.

वेळही महत्त्वाची. मालिश, आंघोळ, शेक-धुरी झाल्यावर ती झोपणार, तेव्हा नकोच. दूध पिऊन, ढेकर काढून, शांत जागी असेल तेव्हा. आणि दुपट्यातून हात मोकळे सोडा. बांधून ठेवलेलं बाळ बघेल, पण बघून हात-पाय हलवायचे असतात ते राहून जातं.

मोठं कोणीतरी कायम जवळ हवं. राघू जुना असेल तर आरसे, टिकल्या, मणी सैल नाहीत ना ते ओढून बघा. काजळ घालत असाल तर डोळ्यांत नको, त्यात शिसं असू शकतं. गालावरच्या तिटेबद्दल आजीशी मी भांडणार नाही.

गव्हाळ

सगळ्यांचे आभार. थोडी प्रगती सांगते.

मोबाइल पाळण्यावरून काढून मधल्या खोलीत खिडकीशेजारी खाली आणलाय, माझ्या वितेने मोजून. टेबलफॅन भिंतीकडे. बाबा म्हणाले, "भिंतीला वारा घालताय?" पण गुंता थांबलाय. प्लास्टिकचा गोळा सांगलीत मिळाला नाही, नवरा पुण्याहून आणतोय. तोवर काचेचा काढून ठेवलाय, त्यामुळे मोबाइल एका अंगाला कलंडलेला आहे.

काल संध्याकाळी दूध पिऊन झाल्यावर तिने पांढऱ्या पट्ट्यांच्या आकाराकडे बघितलं. म्हणजे आधी भुवया वर गेल्या, पाय मारायचे थांबले आणि ओठांचा चंबू झाला. आकार वळून कड समोर आली की तिची नजर सुटायची, पट्टे परत आले की पुन्हा धरायची. मग दोन शिंका आल्या. मी लगेच उचललं, ताईंचं ऐकून.

आईने राघू स्वतः उसवून दिला. लाल आहे, पोटावरचा आरसा तिनेच काढला. आता तिची तक्रार अशी की मुनारी सकाळी टांगता आणि तिचा राघू दुपारी, म्हणजे भेदभाव.

एकच शेवटचं विचारते. हे सगळं टांगलेलं काढायचं कधी? आणि हात मारायला लागली की काय द्यायचं?

कागदकातरी

हात मुद्दाम वस्तूकडे जायला लागला की कागदी मोबाइल उतरवायचे. सुधारित वयाने तीन-चार महिन्यांच्या आसपास. ते फक्त बघायचे आहेत, हातात आले की तोंडात जाणार, कागद ओला, रंग पोटात. त्याऐवजी लाकडी कडी किंवा मोठा घुंगरू रुंद रिबिनीला शिवून टांगा, वर दोन-तीन इंच इलॅस्टिक. ओढली की येते, सोडली की जाते. घुंगरू तिच्या तोंडात मावणार नाही एवढा मोठा घ्या, आणि रिबिन आखूड ठेवा, गळ्याभोवती येईल इतकी लांब अजिबात नको. हातांवर उठायला लागली की, किंवा पाच महिने झाले की, जे आधी होईल तेव्हा वर टांगलेलं सगळंच काढायचं.

रातपाळी

यातले पाच महिने जन्मतारखेपासून धरा, तिथे सुधारित वयाची सवलत नाही. आणि तपासणीला गेलात की काय म्हणाले ते इथे कळवा.