ग्लुकोमीटर आणि लॅबची शुगर जुळते का हे दाखवायला कोरिलेशन पुरतं का?

थिसिस_चालूये:
नमस्कार मंडळी, नाशिकलाच पीजी करतेय, थिसिस आहे ग्लुकोमीटरची शुगर लॅबशी किती जुळते यावर. पेठ-सुरगाण्याकडचे कॅम्प आणि आमची ओपीडी मिळून सव्वाशेच्या आसपास पेशंट झालेत, प्रत्येकाचं बोटातून ग्लुकोमीटरवर आणि लगेच शिरेतून घेऊन लॅबला. कोरिलेशन काढलं तर आर (नातं किती घट्ट, जास्तीत जास्त १) ०.९ च्या वर, पी (निव्वळ योगायोगानं असं दिसायची शक्यता) ०.००१ पेक्षा कमी. पेअर्ड टी टेस्टला पी ०.०५ च्या वर, म्हणजे फरक नाही. सर म्हणाले छान आलंय, लिहून टाक. पण एक सीनियर ग्राफ बघून म्हणाली की व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) हे टिकणार नाही, आणि एवढं बोलून ड्युटीला पळाली. नक्की काय चुकतंय? स्टॅट्स माझं कच्चं आहे, सोप्या भाषेत सांगा प्लीज.

आकडेमोड_सिडको:
ताई, सीनियर बरोबर बोलली. कोरिलेशन फक्त एवढंच सांगतं की एक वाढलं की दुसरंही सरळ रेषेत वाढतं का. लासलगावला एक काटा प्रत्येक गोणीला दोन किलो जास्त दाखवत असेल तरी खऱ्या काट्याशी त्याचा आर बरोब्बर १ येणार, पण व्यापारी मान्य करेल का? आणि आर तुमच्या पेशंटच्या रेंजवरपण नाचतो, ७० पासून ४०० पर्यंत शुगरवाले सगळे घेतले की तो आपोआप फुगतो, मशीन तेच असतं. त्या पी व्हॅल्यूला तर काहीच अर्थ नाही, दोन्ही मशीन शुगरच मोजतायत, नातं असणारच ना.

टी टेस्टची गंमत वेगळी. ती फक्त सरासरी फरक बघते. अर्ध्यांना ४० जास्त, अर्ध्यांना ४० कमी दाखवलं तर सरासरी शून्य, टेस्ट म्हणणार फरक नाही, आणि इकडे एकाही पेशंटचं रीडिंग धड नाही.

ब्लँड आणि आल्टमन या स्टॅट्सवाल्यांनी १९८६ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये यावरच पेपर लिहिला, तीच पद्धत वापरा. एक्सेलमध्ये होतं: एका कॉलममध्ये ग्लुकोमीटर वजा लॅब, दुसऱ्यात दोघांची सरासरी, मग फरक उभ्या अक्षावर आणि सरासरी आडव्या अक्षावर ठेवून स्कॅटर काढा. आडव्या अक्षावर नुसती लॅबची व्हॅल्यू टाकू नका, त्यानं खोटा कल दिसू शकतो. फरकांची सरासरी आणि एसडी (फरक सरासरीभोवती किती पसरलेत ते) काढा, सरासरी अधिक-वजा १.९६ गुणिले एसडी या झाल्या लिमिट्स ऑफ अ‍ॅग्रीमेंट. समजा सरासरी फरक ६ आणि एसडी १४, तर साधारण उणे २१ ते अधिक ३३, म्हणजे ९५ टक्के पेशंटमध्ये ग्लुकोमीटर लॅबपेक्षा २१ नं कमी ते ३३ नं जास्त दाखवू शकतो. आता हे चालेल का नाही हे कुठलीच टेस्ट सांगत नाही, ते डॉक्टरनं ठरवायचं, आणि डेटा बघायच्या आधी.

कॉलेजरोडकर:
एवढं कशाला टेन्शन घेता, कोरिलेशनवर कितीतरी थिसिस पास झालेत आजवर 😄

पीएसएमवाली:
पास होतात हो, पण पेपर पाठवला की रिव्ह्यूअर पहिलं तेच विचारतो. किती फरक चालेल ते स्वतः शोधायची गरज नाही, ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ चं २०१३ चं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे: लॅबची शुगर १०० च्या खाली असेल तर अधिक-वजा १५ एमजी, १०० किंवा वर असेल तर अधिक-वजा १५ टक्के, आणि किमान ९५ टक्के रीडिंग त्यात बसायला हवीत. ब्लँड-आल्टमनच्या जोडीला हा टक्कापण द्या.

लॅबवाला_सिन्नर:
स्टॅट्स ठीके, पण मॅडम कॅम्पची सॅम्पल लॅबला किती वेळानं पोचली? साध्या ट्यूबमध्ये रक्तपेशी तशाच राहिल्या तर त्या शुगर वापरतात आणि शुगर तासाला ५-७ टक्के उतरते. फ्लोराइडची राखाडी ट्यूब असली तरी पहिला तास-दोन तास थोडी उतरतेच. मग लॅब कमी दाखवणार आणि ग्लुकोमीटर फुकट बदनाम. त्यात त्या पट्ट्यात अ‍ॅनिमिया भरपूर, हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा) कमी असलं की बरेच मीटर जास्त दाखवतात. जेवून आलेल्यांचं बोटातलं रक्त शिरेतल्यापेक्षा तसंही जास्तच येतं. कॅम्प आणि ओपीडी वेगळं करून बघाच.

थिसिस_चालूये:
बाप रे, आत्ता वेगळं करून बघितलं, कॅम्पचे ठिपके खरंच वर आहेत 😳 ट्यूब फ्लोराइडचीच होती, वेळ रजिस्टरमध्ये आहे. दोन शंका: शुगर वाढते तसा फरक पसरत जातो, कर्णा उघडल्यासारखा दिसतोय. आणि ओपीडीतल्या काहींची दोन-तीन रीडिंग आहेत, ती सगळी टाकू का?

आकडेमोड_सिडको:
पसरत असेल तर दोन्ही रीडिंगचे लॉग (लॉगरिदम) घेऊन तेच करा, किंवा फरक टक्क्यांत काढा, नाहीतर कमी शुगरला लिमिट उगाच रुंद आणि जास्त शुगरला अरुंद येते. एकाच माणसाची तीन रीडिंग म्हणजे तीन माणसं नव्हेत, सरळ टाकू नका. ब्लँड-आल्टमनचीच रिपीटेड रीडिंगसाठी वेगळी रीत आहे, ती जमत नसेल तर प्रत्येकाचं पहिलं रीडिंग ठेवा, पण ते मेथड्समध्ये लिहा. आणि लिमिटचा कॉन्फिडन्स इंटरव्हलपण (खरी लिमिट कुठून कुठपर्यंत असू शकते ते) द्या, वरच्याच उदाहरणात १०० पेशंट असले तर प्रत्येक लिमिट ५ नं इकडेतिकडे होते, २५ असले तर जवळपास १० नं. कॅम्पचे किती आहेत तेवढं सांगा.

थिसिस_चालूये:
कॅम्पचे चाळीसच्या आसपास. हिमोग्लोबिन सगळ्यांचं आहे, हिमॅटोक्रिट नाही.

लॅबवाला_सिन्नर:
हिमोग्लोबिन सीबीसी काउंटरवर (रक्तपेशी मोजायच्या मशीनवर) केलं असेल तर हिमॅटोक्रिट त्याच रिपोर्टवर छापलेलं असतं, जुनी प्रिंट काढायला सांगा.