लेनिनग्राड शरण का गेलं नाही?

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने रशियातल्या लेनिनग्राडला (आजचं सेंट पीटर्सबर्ग) वेढा घातला होता. स्टालिनग्राडच्या लढाईवरच्या चर्चेत कोणीतरी विचारलंय की, वेढ्यातल्या लेनिनग्राडने शरण जाऊन माणसं का वाचवली नाहीत? तो पर्यायच नव्हता. शरणागतीची विनंती आली तरी स्वीकारायची नाही, असा हिटलरच्या मुख्यालयाचा आदेश सप्टेंबर १९४१मध्येच निघाला होता. लाखो लोकांना पोसायची जबाबदारी त्यांना नको होती. उपासमार हे तिथे ठरवून वापरलेलं शस्त्र होतं, आणि लढायांचे नकाशे बघताना नेमकं हेच निसटतं.

२० नोव्हेंबरपासून महिनाभराहून अधिक काळ मुलांना आणि कारकुनांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे, कामगारांना २५०. तोही पेंड आणि सेल्युलोज मिसळलेला. लोक सुतारकामाचा सरस उकळून खात, कातडी पट्टे शिजवत. पाणी नेवा नदीच्या बर्फात भोकं पाडून आणायचं. रेशनकार्ड हरवलं तर ते जवळपास मरणच.

शहराजवळचं लादोगा सरोवर गोठल्यावर त्यावरून ट्रक सुरू झाले. धान्य आत आलं आणि त्या हिवाळ्यात पाच लाखांहून अधिक माणसं बाहेर पडली.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती तिथल्या बियाणे संस्थेची हकिगत. धान्याच्या पोत्यांमध्ये बसून अनेक शास्त्रज्ञ भुकेने मेले. तांदळाचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इवानोव्ह त्यांतलेच. पुढच्या पिढ्यांच्या शेतीसाठी जपलेलं बियाणं त्यांनी खाल्लं नाही. आणि संस्था उभी करणारे निकोलाय वाविलोव्ह? त्यांना स्टालिनच्या राजवटीने १९४०मध्येच अटक केली होती. १९४३मध्ये सारातोवच्या तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला.